सुतकाबाहेरचे आप्त

मृत्यूची वार्ता दारात आली की आपल्या घरांतून पूर्वी पहिला प्रश्न विचारला जाई तो नात्याचा. गेलेले माणूस आपले कोण लागत होते, कूळ किती पिढ्यांवर एक होते, सुतक दहा दिवसांचे की तीन दिवसांचे की नुसत्या स्नानाने फिटणारे, याचा निर्णय घरातील वडीलधारी स्त्री करी, किंवा शंका आल्यास उपाध्यायांना विचारून केला जाई. आणि त्या निर्णयाबरहुकूम देवपूजा थांबे, गोडधोड बंद होई, ठरलेले कार्य पुढे ढकलले जाई व मुदत संपली की घर पुन्हा आपल्या नित्यक्रमाला लागे. दुःख किती करावे हे कोणी कोणाला सांगत नसे; परंतु ते उघडपणे करण्याचा अधिकार कोणाला आणि किती दिवस, हे मात्र शास्त्राने, रूढीने आणि चारचौघांच्या नजरेने पक्के बांधून ठेवले होते. या व्यवस्थेत जाच पुष्कळ होता, आणि रक्ताचे नाते नसलेल्या स्नेह्यासोबत्यांच्या खऱ्या शोकाला तिच्यात फारसा थारा नव्हता. तरीही शोकाला मर्यादा असावी, आकार असावा आणि समाजाची मान्यता असावी, ही तिच्या मुळाशी असलेली समजूत मला आजही आदरणीय वाटते.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या अशौचविचाराचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. त्या विषयाच्या वाचनात एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. अशौच रक्ताच्या नात्याचे, हा सामान्य नियम खरा. पण त्या नियमातून काही वाटा स्मृतिकारांनी स्वतःच काढून ठेवल्या आहेत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आचार्याच्या निधनाचे अशौच तीन रात्रींचे सांगितले आहे, आणि ज्याच्या मुलखात आपण राहतो त्या राजाच्या मृत्यूचे अशौच, तो दिवसा गेला तर सूर्य मावळेपर्यंत आणि रात्री गेला तर तारे लोपेपर्यंत पाळावे, असे म्हटले आहे. ज्याने राजाला उभ्या जन्मात पाहिले नाही, राजाच्या दप्तरात ज्याची ओळख सारा भरणारा एक इसम यापलीकडे कधी गेली नाही, अशा रयतेतल्या माणसाच्या वाट्यालाही त्या शास्त्राने एका दिवसाचा शोक दिला. ज्याने ज्ञान दिले आणि ज्याच्या छत्राखाली आयुष्य गेले, त्यांच्याशी रक्त जुळत नसले तरी त्यांच्या जाण्याने आपल्या घरात काहीतरी खरोखरच घडते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आज राजे राहिले नाहीत आणि गुरुगृहेही राहिली नाहीत. ज्यांच्या छायेत आपले आयुष्य गेले असे आपण म्हणू शकतो त्यांत आता गायक आहेत, नट आहेत, लेखक आहेत, खेळाडू आहेत. आणि त्यांच्या मृत्यूचे सुतक किती दिवसांचे हे सांगणारी कोणतीही स्मृती लिहिली गेलेली नाही. म्हणून अशा एखाद्या मृत्यूने माणूस व्याकूळ झाला की त्याला आपल्या व्याकुळतेचीच लाज वाटू लागते. ज्यांना आपण कधी भेटलो नाही, ज्यांना आपल्या अस्तित्वाची गंधवार्ताही नव्हती, त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी का यावे, असा प्रश्न इतरांनी विचारण्यापूर्वी तो स्वतःच स्वतःला विचारतो.

रविवार, 6 फेब्रुवारी 2022, माघ शुद्ध षष्ठी. वसंतपंचमी आदल्याच दिवशी होऊन गेली होती. सकाळी लता मंगेशकर गेल्याचे वृत्त आले. जानेवारीपासून त्या मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात होत्या आणि त्यांचे वय 92 वर्षांचे होते, म्हणजे हे वृत्त कधीतरी यावयाचे याची मनाने तयारी केलेली होती. केंद्र सरकारने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरले, महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुटी दिली, आणि पेडर रोडवरील ‘प्रभुकुंज’पासून शिवाजी पार्कपर्यंतच्या मार्गावर दुतर्फा उभ्या राहिलेल्या माणसांमधून फुलांनी सजवलेल्या लष्करी वाहनाने त्यांचा पार्थिव देह नेण्यात आला. सायंकाळी तेथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. सरहद्दीपलीकडच्या पाकिस्तानातूनही शोकसंदेश आले. हा सारा सार्वजनिक वृत्तान्त सर्वांना ठाऊक आहे.

आमच्या घरात त्या सकाळी जे घडले ते मात्र कोणत्याही बातमीपत्रात येण्यासारखे नव्हते. आई बातमी ऐकून काही न बोलता उठली, न्हाणीघरात गेली आणि डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी परत येऊन खिडकीपाशी बसली. घरातल्या माणसाचे वृत्त आल्यावर जे करावयाचे ते तिने कोणाला न विचारता केले होते. माझ्या मुलीला या आचाराची माहिती नव्हती. थंडीच्या दिवसांत आजीने अवेळी केस का भिजवले हे तिला कळेना. कारण समजल्यावर तिने अगदी सरळपणे विचारले, “पण आजी, त्या आपल्या कोण लागत होत्या?” आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लागायला कशाला हवं, बाळ? तुझे आजोबा सदा फिरतीवर. परक्या गावात दिवसभर बोलायला दुसरं माणूस नसायचं. हिचा आवाज असायचा.”

आईच्या या उत्तराचा विचार मी तेव्हापासून करीत आलो आहे. माझे वडील महसूल खात्यात अव्वल कारकून होते. जमाबंदीच्या दिवसांत ते आठ आठ दिवस घरी नसत, आणि दर काही वर्षांनी बदलीचा हुकूम येई, की भांडीकुंडी गोणपाटात बांधून आम्ही नव्या तालुक्याच्या गावी जात असू. गाव बदले, घर बदले, विहिरीच्या पाण्याची चव बदले, शेजारीपाजारी बदलत, आमच्या शाळा बदलत. रेडिओ मात्र गादीच्या घडीत गुंडाळून आई स्वतःच्या मांडीवर नेत असे, आणि नव्या घरात चूल पेटण्याच्या आधी तो फळीवर ठेवून लावला जाई. मग त्या अनोळखी भिंतींमध्ये तोच आवाज उमटे. आईच्या आयुष्यात बदलीच्या हुकुमाबाहेर राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती. ज्या आवाजाने एका स्त्रीला इतकी गावे सोबत केली, त्याच्या जाण्याने तिच्या डोक्यावरून पाणी यावे यात नवल नव्हते. नवल होते ते या नात्याची नोंद कोठेच नसण्याचे.

वडिलांच्या बोलण्यात वारसांचा विषय वारंवार येई. खातेदार मयत झाला म्हणजे तलाठ्याने वारस रजिस्टरात नोंद करावयाची, नोटिसा बजावावयाच्या, हरकती असल्या तर जाबजबाब घ्यावयाचे, आणि चौकशीअंती फेरफार मंजूर झाला की मयताच्या जागी वारसांची नावे लागावयाची. त्या नोंदवहीत मुलगा येतो, मुलगी येते, विधवा येते. सरकारला जमिनीचा हिशेब ठेवावयाचा असल्याने हे योग्यच आहे. परंतु माणूस मागे जे ठेवून जातो त्यात जमीनजुमला हा फार थोडा भाग असतो. दीनानाथ मंगेशकर 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात वारले तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीचे वय तेरा वर्षेही पुरे नव्हते. कुटुंबाचा भार तिच्यावर पडला आणि तिने चित्रपटात कामे करण्यास व गाण्यास प्रारंभ केला. त्या दिवसांत सुरू झालेल्या गाण्याचे पुढे जे संचित झाले, त्याचे वारस कोण? कायद्याने जे असतील ते आहेतच. पण तो आवाज ज्यांच्या ज्यांच्या दिवसांत मिसळून गेला त्या सर्वांना त्या मृत्यूच्या दिवशी आपण काहीतरी गमावले असे वाटले, आणि आपला हक्क सिद्ध करणारा दाखला मात्र त्यांच्यापैकी कोणाजवळ नव्हता.

या आवाजाची एक जुनी हकीगत आहे. 1949 साली ‘महल’ चित्रपट प्रदर्शित झाला. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेले त्यातले गाणे देशभर गाजले, परंतु त्याच्या तबकडीवर गाणारणीचे नाव नव्हते. चित्रपटातील पात्राचे, कामिनीचे, नाव छापलेले होते. पार्श्वगायनाची तेव्हा तशीच रीत होती. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे विचारणा केली की ही खरोखर गाते कोण, आणि अखेर ते नाव जाहीर करावे लागले. म्हणजे लोकांनी प्रेम आधी केले आणि नाव मागाहून विचारले. प्रसिद्धीच्या झगमगाटाला भुलून लोक अशा व्यक्तींवर माया करतात असे जे म्हटले जाते, ते निदान येथे लागू पडत नाही. तेव्हा ना मुद्रा परिचित होती ना नाव. फक्त एक स्वर घरात आला होता, आणि घराने त्याला आपले म्हटले होते. पुढे त्याच स्वरातील ज्ञानदेवांच्या विरहिण्या आमच्या पहाटेत आल्या आणि त्याच स्वरातील आरत्या गणेशोत्सवात गल्लोगल्लीच्या मांडवांतून वाजू लागल्या. ज्या आवाजाच्या साथीने आपण देवापुढे उभे राहिलो, तो आवाज परक्या माणसाचा होता असे म्हणणे मला तरी जड जाते.

या शोकावर विचारी माणसे दोन आक्षेप घेतात, आणि दोन्हींचा विचार गांभीर्याने केला पाहिजे. पहिला असा, की हे नाते मुळात आभासात्मक आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी 1956 साली एका मनोविकारशास्त्रीय नियतकालिकात जो निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवून दिले की रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांमुळे श्रोत्याला समोरचा कलावंत आपल्याशीच बोलतो आहे असा समोरासमोरच्या भेटीचा भास होतो. वस्तुतः हा व्यवहार एकतर्फी असतो, कारण दुसऱ्या बाजूला आपली ओळखच नसते. त्यांनी या प्रकाराला ‘पॅरासोशल’ असे नाव दिले आणि ते पुढे विद्वानांत रूढ झाले. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. निवेदक गोड हसून ‘मित्रांनो’ म्हणतो तेव्हा त्या मैत्रीला काही अर्थ नसतो, हे कबूल केलेच पाहिजे.

पण कलावंताचे श्रोत्याशी असलेले नाते केवळ अशा लाघवी संबोधनावर उभे असते काय? 12 मार्च 1911 या दिवशी मुंबईस किर्लोस्कर नाटक मंडळींनी खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग केला. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली होती. प्रयोग रद्द झाला असता तरी कोणी शब्द काढला नसता. परंतु जमलेल्या रसिकांचा विरस होऊ नये म्हणून तो बाप शालू नेसून, दागिने घालून रंगभूमीवर आला आणि गायला. त्या प्रेक्षागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांची नावे त्यांना ठाऊक नव्हती. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांच्यासाठी स्वतःचा शोक मागे सारणारा माणूस आणि ज्याला आपण कधी भेटलो नाही त्याच्यासाठी शोक करणारी माणसे, या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा हा व्यवहार एकतर्फी आहे हे म्हणणे मला पटत नाही. 1967 साली बालगंधर्व गेले तेव्हा ज्यांनी डोळे पुसले त्यांनी त्या जुन्या व्यवहारातील आपली बाजू रुजू केली, इतकेच. ओळख एकतर्फी असू शकते. देणे खरे असते, घेणेही खरे असते, आणि देण्याघेण्यातून निर्माण झालेले ऋण तर सर्वांत खरे असते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. माणूस अशा प्रसंगी रडतो तो स्वतःसाठीच रडतो; गेलेले तारुण्य, हरवलेले घर, निवर्तलेले आईबाप यांच्यासाठी रडण्यास त्याला एक सार्वजनिक निमित्त मिळते, असे हा आक्षेप सांगतो. यातही सत्य आहे, आणि ते फार जुने आहे. होमरच्या ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लसच्या शवाभोवती बंदिवान स्त्रिया विलाप करतात, त्या वरकरणी त्याच्यासाठी रडतात, पण प्रत्येकीच्या मनात आपापले दुःख असते असे तो कवी सांगतो. 2022 च्या त्या फेब्रुवारीत हे आपल्याकडेही दिसले. त्याआधीच्या वर्षी करोनाच्या दुसऱ्या लाटेत असंख्य घरांतील माणसे अशी गेली, की त्यांचे अंत्यदर्शनही आप्तांना झाले नाही. प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला देह दुरून दाखवला गेला, तेराव्याला चार माणसे जमली नाहीत, कोणी कोणाच्या गळ्यात पडून रडले नाही. ते न रडलेले रडणे घराघरांतून साचून राहिले होते. सारा देश एका स्त्रीसाठी उघडपणे शोक करू लागला तेव्हा त्या प्रवाहात पुष्कळांनी आपापल्या अनाम मृतांनाही निरोप दिला असेल.

परंतु एवढ्यावरून तो शोक स्वार्थी ठरतो असे मला वाटत नाही. आपल्या रसशास्त्राने या मनोव्यापाराचा फार सूक्ष्म विचार केला आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली आणि अभिनवगुप्ताने ती स्वीकारून विस्तारली. तिचा आशय असा, की नाट्य पाहताना जो शोक आपण अनुभवतो तो केवळ पात्राचा नसतो आणि केवळ आपलाही नसतो; ‘माझे’ आणि ‘परक्याचे’ हे भेद तेवढ्यापुरते गळून पडतात, आणि त्यामुळेच एरवी असह्य असलेले दुःख तेथे सहृदयाला सोसता येते. स्वतःच्या वियोगात माणूस एकटा पडतो. सर्वांच्या वियोगात त्याचा वियोगही सामावला जातो. ज्यांनी आयुष्यभर आपल्या सुखदुःखांना स्वर दिला, त्यांनी जाता जाताही लाखो माणसांना आपापले कोंडलेले दुःख मोकळे करण्यास जागा करून दिली, तर ते त्यांचे अखेरचे देणे समजावे. शेजारचा वृद्ध गेला तेव्हा आपण का द्रवलो नाही, असे जे विचारले जाते, त्या प्रश्नातील टोचणी मात्र आपण टाळू नये. गायिकेसाठी पाझरलेले मन दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातील शोकाकडे अधिक मऊपणाने वळत असेल, तर त्या पाझराचे सार्थक झाले. वळत नसेल, तर त्यात काही उणे राहिले असे खुशाल म्हणावे.

महाराष्ट्राला हे नवे नाही. ज्ञानेश्वरांनी शके 1218 मध्ये, म्हणजे इ. स. 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, आणि त्यांत समाधीस निघालेल्या त्या तरुणाभोवती जमलेल्या संतांची, भावंडांची व्याकुळता अशी उतरली आहे, की सात शतके लोटली तरी तिची धग गेली नाही. दर वर्षी त्या तिथीला इंद्रायणीकाठी लक्षावधी लोक जमतात, नामदेवांच्या वंशातील नामदास महाराजांचे समाधिसोहळ्याचे कीर्तन होते, आणि माध्यान्हीची वेळ आली, घंटानाद झाला, पुष्पवृष्टी झाली की देवळाच्या आवारात उभी असलेली शेतकरी, मजूर, म्हातारी माणसे पदराने आणि उपरण्याने डोळे टिपतात. मी ते पाहिले आहे. त्या गर्दीत ज्ञानेश्वरांना भेटलेले कोण असणार? आणि तरी ‘माउली’ ही हाक त्यांच्या तोंडी आहे. अनोळखी माणसाच्या जाण्याने रडणे हे रेडिओने आणि चित्रपटाने आपल्याला शिकवले, असे मानणाऱ्यांनी एकदा त्या दिवशी आळंदीस जावे.

तथापि या शोकाचे एक भयानक रूपही आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. 24 डिसेंबर 1987 रोजी अभिनेते एम. जी. रामचंद्रन गेले तेव्हा तमिळनाडूत दंगली झाल्या आणि कित्येक अनुयायांनी स्वतःचे प्राण दिले. 12 एप्रिल 2006 रोजी अभिनेते राजकुमार गेल्यावर बंगळूर शहरात जाळपोळ झाली आणि त्या हिंसाचारात माणसे मेली. ज्यांनी पडद्यावर आयुष्यभर दुर्बलांचे रक्षण केले, त्यांच्या नावाने दुर्बलांचीच घरे उजाड झाली. त्यावेळचे दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या दुःखाला आकार नाही, विधी नाही, मुदत नाही आणि पुढे काय करावे याचे मार्गदर्शन नाही, ते दुःख रस्त्यावर येऊन दगड उचलते. प्राचीनांनी राजाच्या मृत्यूचे अशौच सूर्य मावळेपर्यंतच ठेवले, यातील शहाणपण अशा वेळी ध्यानात येते. शोकाची मुदत संपल्यावर जे उरते ते ऋण, आणि ऋण फेडण्याचा मार्ग निराळा असतो.

त्या मार्गाची एक सुंदर खूण आपल्या पंचांगात आहे. लताबाई गेल्या त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, 8 फेब्रुवारीला, माघ शुद्ध अष्टमी, म्हणजे भीष्माष्टमी होती. भीष्म अपुत्र, त्यांना पाणी देणारे कोणी नाही. म्हणून त्या दिवशी सर्वांनी त्यांचे तर्पण करावे असे शास्त्र सांगते. इतके, की ज्याचे वडील हयात आहेत आणि म्हणून ज्याला एरवी पितृतर्पणाचा अधिकार नाही, त्यालाही हे तर्पण करता येते. ओंजळीत पाणी घेतलेला मनुष्य आपले गोत्र बाजूला ठेवून वैयाघ्रपद्य गोत्राच्या भीष्माचे नाव उच्चारतो. ज्याचा वंश खुंटला त्याला सारा समाज वंशज म्हणून मिळावा, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना न भेटलेल्या माणसाशी असलेले नाते नीट उमगलेले होते. याच परंपरेने माणसावर देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत, आणि त्यांतील ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते असे म्हटले आहे. ज्यांनी आपल्याला विद्या, स्वर किंवा शब्द दिला, त्यांचे देणे पाण्याच्या ओंजळीने किंवा अश्रूंनी चुकते होत नाही. त्यांनी दिलेले आपण नीट शिकावे, जपावे आणि पुढे द्यावे, तेव्हा ते चुकते होते.

लताबाईंचा देह ज्या मैदानावर अग्नीच्या स्वाधीन झाला, त्या शिवाजी पार्कच्या जवळच समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत निवर्तले, विमानाने त्यांचा देह मुंबईस आणण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले तेव्हा लोटलेल्या जनसमुदायातील हजारो शोकाकुल माणसांनी तेथेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्याच्या चितेसमोर आपण उभे आहोत त्याचे अपुरे राहिलेले काम आपल्या अंगावर घेणे, याहून मोठा शोकविधी मला माहीत नाही. गायिकेची आणि त्या महापुरुषाची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एकीने एकाकी घरांना सोबत केली, दुसऱ्याने कोट्यवधींना माणूसपण मिळवून दिले, आणि या दोन देण्यांचे मोल वेगळे आहे. परंतु न भेटलेल्यासाठी शोक कसा करावा याचा धडा मला त्या मैदानावरच मिळाला. दर वर्षी 6 डिसेंबरला तेथे लक्षावधी माणसे येतात. त्यांतील बहुसंख्य लोकांचा जन्म 1956 नंतरचा आहे. दूरदूरच्या जिल्ह्यांतून रेल्वेने, उभ्याने प्रवास करून आलेली ही माणसे रांगेत तासन्‌तास थांबून अभिवादन करतात, आणि मग शिवाजी पार्कवर मांडलेल्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळतात. परतीच्या गाडीत चढताना त्यांच्या पिशव्यांतून पुस्तके असतात.

तेव्हा ज्याला आपण कधी पाहिले नाही अशा माणसाच्या मृत्यूने आपले मन भरून आले, तर वाचकांनी त्याची लाज बाळगू नये आणि कोणी बाळगायला लावली तर मानू नये. रक्ताच्या नात्याहून निराळी अशी एक आप्तता आहे, ती देण्याने आणि घेण्याने निर्माण होते, आणि तिला कोणत्याही कचेरीचा दाखला लागत नाही. सूर्य मावळेपर्यंत शोक करावा, मोकळेपणाने करावा. दुसऱ्या दिवशी मात्र त्या माणसाचे एखादे गाणे, एखादे पुस्तक, एखादे काम घेऊन बसावे, ते नीट समजून घ्यावे, आणि आपल्यानंतर येणाऱ्या एका तरी मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावे. वारस म्हणून आपले नाव लागावे अशी इच्छा असेल, तर वारसाचे कर्तव्यही आपणच केले पाहिजे.